दुबईचं काडतूस

आमच्या घरात काडतूस हा शब्द मीठ, काडेपेटी यांच्यासारखाच रोजच्या वापरातला. "काडतुसाला हात लावू नको", "काडतूस पुसलंस का गो", "आज काडतूस बरं चाललं", असं दिवसभर चालायचं. ओट्यावर कुणी परका माणूस टेकलेला असला आणि आतून असलं काही ऐकू आलं, की तो हळूच चपला शोधायला लागायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याकडं बंदूक कधी नव्हतीच. आमच्याकडं होता लाऊडस्पीकर.

म्हणजे भातशेती होती, म्हैस होती, सगळं होतं, पण आमच्या ह्यांचा जीव त्या लाऊडस्पीकरमध्ये. सापगावात आणि शहापूरच्या आसपास कुठंही हळद असो, बारसं असो, पूजा असो, हे दोन कर्णे, एक बॅटरी, एक मशीन आणि एक तपकिरी पेटी घेऊन निघायचे. त्या पेटीत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. रेकॉर्ड गरगर फिरते, तिच्यावर एक दांडी येऊन टेकते, दांडीच्या टोकाला नखाएवढा काळा ठोकळा असतो आणि त्या ठोकळ्याच्या पोटाला सुई. सुई रेकॉर्डच्या रेघेतून चालते आणि ठोकळा तिच्या चालण्याचा आवाज करून मशीनकडं पाठवतो. एवढं मला ह्यांच्यामुळं कळलं, आणि एवढं कळण्यासाठी मी पंचवीस वर्षं ऐकून घेतलंय.

तर त्या ठोकळ्याचं खरं नाव कार्ट्रिज. पण हे ज्यांच्या हाताखाली शिकले, ते कल्याणचे रेडिओ दुरुस्तीवाले तरुणपणी पलटणीत होते. पलटणीत कार्ट्रिज म्हणजे काडतूस. मग दुकान टाकल्यावरही त्यांच्या तोंडी काडतूसच राहिलं, आणि आमच्या ह्यांनी विद्येबरोबर तो शब्दही पदरात घेतला. गुरूनं दिलेला शब्द बदलायचा नसतो, असं ह्यांचं म्हणणं. बायकोनं दिलेल्या शब्दाचं काय, ते मी कधी विचारलं नाही.

नव्वद सालानंतर गावोगावी कॅसेटवाले आले. हलकी पेटी, बटण दाबलं की गाणं. ह्यांची बोलावणी कमी व्हायला लागली. पण जुनी घरं ह्यांनाच बोलवत. माझ्या लग्नात ह्यांची पेटी वाजली तर पोराच्या लग्नातही तीच वाजू दे, असं म्हणणारी माणसं अजून होती. आणि हे घरात सांगून बसले होते, की माझ्या पोरीच्या लग्नात कॅसेटचा आवाज मांडवात शिरला तर मी मांडवातून बाहेर जाईन. मी म्हटलं, "जा की. कन्यादान मी उरकते."

आमची एकुलती एक पोर. तिला स्थळ आलं मुरबाडचं. माझी थोरली नणंद मुरबाडला दिलेली, तिनंच ते आणलं. मुलगा आयटीआय करून आखातात गेलेला. आखातातल्या कुठल्याही गावाला आमच्याकडं दुबईच म्हणतात. हा होता शारजाला, विमानं दुरुस्त करतात त्या मोठ्या शेडमध्ये, मेकॅनिक लोकांच्या हाताखाली. वडील माळकरी, घर स्वच्छ, माणसं मोजकं बोलणारी. माझ्या मनात भरलं. पोरीनं "बघा तुमी" एवढंच म्हटलं, पण त्या दिवशी तिनं भाकरी जरा जास्तच पातळ थापली, त्यावरून मी ओळखलं.

मुलगा सुट्टीवर आला तेव्हा साखरपुडा धरला. बायका नवरदेवाकडं बघतायत आणि नवरदेवानं खिशातून काढला फोटो. मला वाटलं, शारजातल्या खोलीचा असेल. बघते तर विमानाचा. पांढरं विमान, शेपटी उंच, आणि इंजिनं पंखांना नव्हेत, मागं शेपटीपाशी दोन बाजूंना चिकटवलेली, म्हशीच्या पाठीवर दोन कॅन टांगावेत तशी. शेपटीखालून एक जिना खाली उतरलेला, आणि जिन्याच्या पायरीवर हा उभा.

"ही वन-इलेव्हन," तो म्हणाला. "इंग्लंडची. लय जुनी हाय. लांब नाय जात, या गावास्नं त्या गावाला. आपल्या एसटीवानी."

माझ्या भावानं विचारलं, पगार किती. नणंदेच्या नवऱ्यानं विचारलं, सुट्टी किती. आमचे हे पुढं सरकले आणि विचारलं, "आवाज कितपत?"

त्या पोराचा चेहरा असा उजळला म्हणता. "इचारू नका. सुरू झाली का शेडचे पत्रे थडथडतात. कानात बोळे घालून उभं रावं लागतं. नवीन विमानं कशी, मांजरीसारखी येतात नि जातात. ही आली का आख्ख्या शारजाला कळतं."

"असंच पायजे," हे म्हणाले.

झालं. सासरा-जावयाची सोयरीक तिथंच पक्की झाली, कुंकू पुढं लागायचं होतं. पुढं दोन हजार सालानंतर त्या विमानांना आवाजापायी कुठं कुठं उतरू देईनात, आणि आमच्याकडंही रात्रीचे कर्णे बंद करण्याचा नियम कडक झाला, तेव्हा हे दोघं ओट्यावर बसून दोन्हीचं सुतक एकदमच पाळायचे. मी त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, जगाला जरा झोपू द्या.

पण साखरपुड्यावर येते. माझी थोरली जाऊ दाराआडून ते बोलणं ऐकत होती. आमच्या आवारात लाऊडस्पीकर दोन होते, एक ह्यांचा आणि एक जाऊबाई. ह्यांच्याला बॅटरी लागायची. तिनं 'वन' तेवढं ऐकलं. आमच्या बाजूला वन म्हटलं की एकच, वनखातं. सरपणाची मोळी आणायची तरी मागं-पुढं बघून आणायची, एवढा त्या खात्याचा धाक. तिनं लगेच चुलीपाशी येऊन सांगितलं, "जावई वनखात्यात हाय गो."

मी म्हटलं, "विमानाचं काम करतो, जाऊबाई."

"मी माज्या कानांनी आयकलं. वन-इलेव्हन. रानातली अकरा नंबरची बीट असल, राखणीची."

"आणि फोटोत विमान काय करतंय?"

"जंगलावरून फिरवत असतील. वणवा बघायला."

संध्याकाळपर्यंत शेजारच्या आळीतला एक जण येऊन ह्यांना विचारून गेला, की माझ्या बांधावरचा साग तोडायचाय, जावयाच्या कानावर घालाल का.

आता मुख्य गोष्ट. कुंकू लावायची वेळ झाली. ह्यांनी ओट्याच्या टोकाला पेटी मांडलेली, कर्णा आंब्यावर. काडतूस तेव्हाच म्हातारं झालेलं. सुई रेघ सोडून उड्या मारायची, म्हणून हे दांडीच्या डोक्यावर एक नाणं ठेवायचे, वजनाला. गडबडीत कुणाचा तरी धक्का लागला, नाणं पडलं. वाजत होतं एक जुनं गाणं, त्यात नवी नवरी लाडात येऊन नवऱ्याला एकदा नको म्हणते आणि पुढं जाते. त्या दिवशी ती पुढं गेलीच नाही. विहीणबाईंनी पोरीच्या कपाळाकडं बोट नेलं आणि कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं, "नको, नको, नको, नको..."

विहीणबाईंचं बोट हवेत. व्याह्यांनी टोपी सारखी केली. हे पाहुण्यांच्या मांड्यांवरून पाय टाकत पेटीकडं निघाले, तर वाटेत भटजी. नको, नको चालूच. शेवटी पोहोचले एकदाचे आणि दांडी उचलली. सगळीकडं अशी शांतता झाली, की म्हशीनं टाकलेला सुस्कारा ऐकू आला.

विहीणबाई समजूतदार. म्हणाल्या, "पेटीचं नको झालं. पोरीचं काय, हो का?" आणि लावलं कुंकू. सगळे हसले. पोरसुद्धा हसली. हसले नाहीत ते हे. त्या संध्याकाळी जेवलेही नाहीत धड. "लग्नात असं झालं तर तोंड दाखवायची सोय नाय," म्हणत बसले.

दुसऱ्या दिवसापासून काडतुसाचा शोध सुरू. कल्याणचे गुरू वारलेले, दुकानात मुलगा कॅसेटी विकत होता. त्यानं ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, काका, हे आता कुठं मिळणार. ठाण्याला गेले, तिथंही तेच. येताना प्रत्येक वेळी मला सांगायचे की काडतुसाचा जमाना गेला, आणि प्रत्येक वेळी मी विचारायची, कोथिंबीर आणली का.

तेवढ्यात ह्यांच्या डोक्यात आलं, दुबईला सगळं मिळतं. जावई वैशाखात लग्नाला येणारच. पण मागायचं कसं? मुलीच्या बापानं जावयाच्या घरून काही मागणं आमच्यात बसत नाही. द्यायचं, घ्यायचं नाही. मग ह्यांनी मधला रस्ता काढला. नणंद माहेरी आली होती, तिला विहिरीपाशी गाठलं. मी धुणं धूत होते.

"ताय, व्याह्यांना सहज इचार. पोरगा येताना एखादं काडतूस आनंल का. मी इचारलं म्हणून नको सांगू."

"मग कोणी इचारलं म्हणू?"

"सहज म्हण."

"सहज कोण काडतूस मागतं रे," नणंद म्हणाली. पण भावाचं काम. ती लहानपणीच मुरबाडला गेलेली, तिला ह्यांच्या पेटीतलं काही माहीत नाही. भाऊ कधीमधी डुकरं मारायला जात असेल, एवढा तिनं अर्थ घेतला आणि गप्प राहिली. ती म्हणजे पोटात ठेवणारी बाई. पण पोटात काय ठेवावं आणि काय बाहेर काढावं, हे तिला कधी जमलं नाही.

तिनं मुरबाडला जाऊन व्याह्यांना सांगितलं, "आमच्या भावाला दुबयचं एक काडतूस पायजे होतं. मी सहजच इचारते." त्याच आठवड्यात त्यांना बाजारात किन्हवलीकडचा एक ओळखीचा भेटला, आणि त्यानं आमच्या जाऊबाईंचं प्रसारण त्यांच्यापर्यंत पोचवलं. "तुमचा पोरगा वनखात्यात लागला म्हणं. बरं झालं. सासुरवाडीच्या लोकांचं काम झालं."

आता त्यांच्या जागी बसून बघा. मुलीचा बाप काडतूस मागतो. मुलीकडचे गावभर सांगतात की जावई वनखात्यात आहे. माणूस सरळ, गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. हे लोक रानात शिकार करतात, आणि माझ्या पोराचं नाव पुढं करून निसटायला बघतात. आणि पोरगा विमानतळावर कामाला. त्याच्या पिशवीत काडतूस सापडलं तर नोकरी जाईलच, तो स्वतःही आत जाईल.

एका सकाळी ते आमच्या अंगणात हजर झाले, नणंदेला पुढं घालून. नणंद विहिरीशीच थांबली. मी ओट्यावर घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. व्याह्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सरकवला. ज्या घरी सोयरीक ठेवायची नाही, त्या घरचं पाणी माणूस घेत नाही. दाराआड पोर सुपात तांदूळ घेऊन उभी होती. तिनंही तो तांब्या बघितला. तिचे हात सुपावरच थांबले.

"आमी माळकरी माणसं," व्याही म्हणाले.

"म्हायती हाय," हे आनंदानं म्हणाले. "भजनाच्या पन रेकॉर्डी हायेत माज्याकडं."

"तुमी काडतूस मागितलं, ते खरं का?"

ह्यांची मान खाली गेली. जावयाकडं मागणी केलेली उघडी पडली, असं ह्यांना वाटलं. "मागाया नको होतं," हे म्हणाले. "पन हितं मिळतच नाय हो कुठं. कल्यानला फिरलो, ठाण्याला फिरलो."

"उघड फिरलात?"

"दुकानादुकानात इचारलं."

व्याह्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "कवापास्नं करता हे?"

"माजं लगीन व्हायच्या आदीपास्नं. हिला इचारा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मला वाटलं, धंद्याची चौकशी चाललीय.

"शहापूर तालुक्यात माज्याइतकं कोणी केलं नसंल," ह्यांना आता हुरूप आला. "पार डोळखांबच्या पाड्यापाड्यात गेलोय. पोलीसपाटलाच्या घरी पन मीच होतो."

"पाटील काय बोलला नाय?"

"बोलला ना. आजून जोरात होऊ दे म्हणाला."

"आन जनावरं?"

"जनावरं बिथरतात," हे म्हणाले. "बैल दावं तोडतात कवाकवा. पन मंग सवय व्हते त्यांना."

व्याह्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "तुमचं तुमाला लखलाभ. पन माजा पोरगा वनखात्यात हाय असं सांगत फिरायचं काय कारण? उद्या तुमी सापडलात तर त्यानं सोडवायचं का तुमाला? हे लगीन आमाला जमायचं नाय."

आता हे गडबडले. वनखातं कुठून आलं, काही कळेना. मी समोरच्या दाराकडं बघितलं. दारात जाऊबाई होत्या, त्या आत सरकल्या. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, वनाचाही आणि काडतुसाचाही. मी म्हटलं, "अवो, ते तुमचं काडतूस कुठाय ते दाखवा बरं व्याह्यांना."

"ते गेलंय पार. आत हाय पेटीत."

"घरात हाय?" व्याही उठले.

"आनतो ना."

"आनू नका," व्याही म्हणाले. पण हे आत गेलेले. ती तपकिरी पेटी दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले, तसे व्याही ओट्याच्या पायऱ्या उतरून अंगणात, अंगणातून तुळशीच्या पलीकडं. ह्यांनी पेटी घोंगडीवर ठेवली, झाकण उघडलं, दांडी उचलून तिचं टोक दाखवलं.

"हे बगा."

"कुठंय?" तुळशीआडून.

"हे काय. काळं."

"ह्ये?"

"ह्येच. सुई बसवलेली दिसते का? नाय दिसायची, झिजलीय ती. साखरपुड्याला नको नको करत हुतं, ते ह्येच."

व्याही एकेक पाऊल टाकत आले. वाकून बघितलं. बोट लावायला गेले, तर हे म्हणाले, "जपून." व्याह्यांनी हात मागं घेतला, मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मंग सुई म्हणा की याला," ते म्हणाले.

"सुई येगळी, काडतूस येगळं," आमचे हे म्हणाले, आणि त्या परिस्थितीतही ह्यांना राग आला होता, शपथ. मी मधे पडून वनाचं सांगितलं, जाऊबाईंचं सांगितलं, कल्याणच्या पलटणवाल्या गुरूचंही सांगितलं. व्याही पायरीवर बसले आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. मला वाटलं, सुटलो.

पण ते म्हणाले, "घोटाळा झालाय. काल पोराला फोन लावून सांगितलं. लगीन मोडलं, सुट्टी घेऊ नको. तो आज अर्ज परत घेनार."

सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. पोर दारातून बाहेर आली, चपला घातल्या आणि अंगणातून सरळ रस्त्याला लागली. "कुठं निघाली गो?" ह्यांनी विचारलं. ती म्हणाली, "शहापूरला. फोन करायला. तुमी येताय ना?"

तर आमची वरात निघाली. पुढं नवरी, तिच्यामागं सासरा, त्याच्यामागं बाप, मी आणि शेवटी नणंद, जी वाटभर म्हणत होती, मी सहजच विचारलं होतं. शहापुरात बाजारपेठेत एसटीडीचं दुकान होतं, काचेची खोली असलेलं. व्याही आत शिरले. शेडमधून मुलाला बोलावून आणेपर्यंत मीटरचे लाल आकडे पळत होते आणि आमचे जीव वर-खाली.

"अरे, ते काडतूस म्हणजे काडतूस नाय," व्याही ओरडले. पलीकडून काय आलं कोण जाणे. "काडतूसच, पन वाजायचं. म्हणजे उडत नाय. फिरतं. नाय, ते नाय फिरत, दुसरं फिरतं." त्यांनी घाम पुसला आणि रिसीव्हर ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी आयुष्यभर माईकवर बोलायचं काम केलेलं. खाकरले आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." सवय. मग जावयाला गुरूंपासून सुरुवात करून सांगायला लागले.

पोरीनं तेवढं ऐकलं आणि बापाच्या हातातून फोन काढून घेतला. साखरपुडा झालेला, पण दोघं एकमेकांशी अजून चार शब्द बोललेली नव्हती. ती म्हणाली, "रेकॉर्ड प्लेअरचं कार्ट्रिज. पिन बसवतात ते. बंदुकीची गोळी नाय. बाबा त्याला काडतूस म्हणतात." मग थांबली. "हो. मीच." मग परत थांबली. "सुट्टी घ्या तुमी. लगीन हाय."

पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही, कारण तिनं आमच्याकडं पाठ केली. काचेतून तिची वेणी तेवढी दिसत होती, आणि ती मधेच मान हलवत होती. दुकानवाल्यानं काचेवर टिचकी मारली, बाहेर माणसं खोळंबली होती. व्याही त्याला म्हणाले, "बोलू दे रे जरा." ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, एवढं काय बोलत होता तो? म्हणाली, "त्या जिन्याचं सांगत होते. शेपटीखालचा. पाऊस आला का त्याच्याखाली उभं राहतात ते." शारजाला पाऊस फारसा पडत नाही हे तिला माहीत होतं की नाही, मी काही विचारलं नाही.

येताना मी तिला म्हटलं, "तुला कार्ट्रिज ठाऊक होतं, मग इतकी वर्षं बाबांना कधी सांगितलं का नाहीस?"

"मला काडतूसच आवडायचं," ती म्हणाली.

जावई आला वेळेवर. फोनवर नीट कळलं नाही म्हणून त्यानं चार प्रकारची घेऊन ठेवलेली. मुंबईच्या विमानतळावर पिशवी उघडली तेव्हा कस्टमच्या साहेबानं विचारलं, हे काय? हा म्हणाला, कार्ट्रिज. साहेब दोन पावलं मागं. तिथं अर्धा तास त्या बिचाऱ्यानं आमच्या घरची सगळी कथा सांगितली, तेव्हा साहेब म्हणाला, जा, लग्न कर. चारांतलं सगळ्यात भारी होतं ते ह्यांनी पहिल्यांदा बसवलं, तर आवाज आला डासाएवढा. ते भारी मशीनलाच चालतं म्हणे. सगळ्यात स्वस्त, जे त्यानं उगाच घेतलेलं, ते बसलं आणि आंब्यावरच्या कर्ण्यानं असा सूर सोडला, की जाऊबाईंनी कानावर हात ठेवले. शेवटी तिच्या आवाजाला कुणीतरी जोडीदार मिळाला.

लग्न लागलं. एकदाही सुई अडकली नाही. पोरीला टेंपोत बसवताना मी रडले, हे रडले नाहीत. हे वायरी गुंडाळत होते. एकच वायर तिसऱ्यांदा गुंडाळत होते, ते व्याह्यांनी बघितलं.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीही घेत नाहीत, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बापानं लेकीच्या सासरी जाणं तर नाहीच. व्याही ह्यांच्याजवळ येऊन म्हणाले, "उद्या आमच्याकडं पूजा हाय. वाजवायला कॅसेटवाला सांगितलाय, पन त्याचा आवाज पोचत नाय. तुमी याल का? धंद्याचं म्हणून सांगतो. पाव्हणा म्हणून नाय."

हे म्हणाले, "किती वाजता लावू कर्णा?"

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सामान टेंपोत चढवून मुरबाडला गेले. मला कुणी नेणार नव्हतं, माझा कुठला धंदा. दिवसभर मी अंगणातलं मांडवाचं खरकटं आवरलं आणि रस्त्याकडं बघत राहिले. तिन्हीसांजेला टेंपो आला. ह्यांनी पाय धुतले, टॉवेल घेतला, ओट्यावर बसले.

"कशी हाय पोर?" मी विचारलं.

"कर्णा पिंपळावर बांधला. पार एसटी स्टँडापर्यंत आवाज."

"पोर कशी हाय?"

"गर्दी लय. सगळे इचारत हुते, आवाज कोनाचा, आवाज कोनाचा."

"अवो, तिनं साडी कुठली नेसली होती?"

"हिरवी," हे म्हणाले. मग जरा थांबून, "पदर खोचलेला. दोनदा बाहेर येऊन गेली. पयल्यांदा नुसती बघून गेली. दुसऱ्यांदा चा ठेवला मशीनपाशी."

मी हातातली केरसुणी खाली टाकली. "लेकीच्या घरचा चहा प्यालात?"

"कपबशी वायरीवर ठेवली हुती तिनं," हे म्हणाले. "सांडला असता तर कोनाला शॉक बसला असता. प्यावाच लागला."

"आणि साखर?"

"बेताची. माजी माहीत हाय तिला." ह्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. "उगा काय बगतेस गो? मी तितं कामावर हुतो."